जिवावरचा दाब

मी पुण्यात जपानी शिकवते. वर्गातले बरेच जण अॅनिमे बघूनच या भाषेकडे वळलेले असतात आणि त्यांतला 'ब्लीच' बघितलेला एखादा पहिल्या दोन महिन्यांत मला जिन्यात गाठतोच. प्रश्न ठरलेला असतो. "सेन्सेई, रेइआत्सूचा मार बसला की आत्म्याचं नेमकं काय होतं? आत्मा मरतो का?" मागे एका विद्यार्थ्याच्या आईनंही हेच विचारलं. सुट्टीत मुलानं घरी सगळे भाग लावले होते, त्याही भाजी निवडत शेजारी बसून बघत होत्या. त्यांची अडचण सरळ होती. "आपण म्हणतो, शस्त्रं त्याला कापत नाहीत, अग्नी जाळत नाही. मग ही माणसं तलवारीनं आत्मे कापतात ते कसे?"

जिन्यात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही. तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून आज बसून लिहिते.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'ब्लीच' ही ताइतो कुबो यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. ती २००१ ते २०१६ अशी १५ वर्षं चालली, ७४ खंड झाले. कराकुरा गावातल्या इचिगो कुरोसाकी या १५ वर्षांच्या मुलाला लहानपणापासून भुतं दिसतात. रुकिया नावाची शिनिगामी, म्हणजे मृत्यूदेवता, एका रात्री आपली शक्ती त्याला देते आणि तिचं काम त्याच्या अंगावर पडतं. मेलेल्यांना पलीकडे, म्हणजे सोल सोसायटीत, पोचवायचं आणि वाट चुकून हिंस्र झालेल्यांना, म्हणजे हॉलोंना, तलवारीनं मोकळं करायचं. कथेत कितीही युद्धं आली तरी पाया हाच राहतो.

आता प्रश्नाकडे. माझ्या मते सगळा घोळ भाषांतराचा आहे. इंग्रजी उपशीर्षकात 'सोल' दिसतं, आपण मनात 'आत्मा' म्हणतो आणि तिथेच फसतो. मूळ शब्द आहे 'कोन्पाकु'. तो दोन अक्षरांचा बनलेला आहे, 'कोन' आणि 'हाकु', आणि ही जोडी जुन्या चिनी विचारातून जपानमध्ये आली. माणूस मेला की कोन वर जातं आणि हाकु देहाबरोबर मातीकडे जातं, अशी ती कल्पना. म्हणजे कोन्पाकु मुळातच जोडलेली गोष्ट आहे. जे जोडलेलं आहे ते सुटू शकतं, झिजू शकतं, तुटू शकतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला आत्मा तसा नाही. तो एकसंध आहे, जन्मत नाही, मरत नाही. त्याच्यावर तलवार चालवणं ही कल्पनाच होऊ शकत नाही.

मग मराठीत कोन्पाकुला काय म्हणायचं? मी वर्गात 'जीव' म्हणते. जीव लागतो, जीव अडकतो, गुदमरतो, टांगणीला लागतो, भांड्यात पडतो. आत्म्याबद्दल आपण यातलं काहीही म्हणत नाही. 'ब्लीच'मध्ये जे कापलं जातं, चिरडलं जातं, गिळलं जातं, ते सगळं जिवाचं आहे. एवढा एक शब्द बदलला की गीता आणि ही कथा शेजारी शेजारी सुखानं नांदतात.

आता मार कसा बसतो ते बघू. 'रेइ' म्हणजे मृताचा किंवा अदृश्यातला जीव आणि 'आत्सु' म्हणजे दाब. जपानी माणूस रक्तदाबाला 'केत्सुआत्सु' म्हणतो, हवेच्या दाबाला 'किआत्सु'. हे तेच आत्सु आहे, दवाखान्यातलं आणि हवामानाच्या बातम्यांतलं. जिवात जी शक्ती साठलेली असते ती 'रेइर्योकु' आणि ती बाहेर पडून समोरच्यावर जो भार टाकते तो 'रेइआत्सु'. म्हणून या विश्वात शक्तिमान माणसानं हात उचलायचीही गरज नसते. कथेतला बलाढ्य खलनायक आइझेन जेव्हा कराकुरा गावात येतो, तेव्हा त्याच्याजवळ गेलेला एक साधा माणूस विरूनच जातो. आइझेननं काही केलेलं नाही, तो फक्त तिथे चालतो आहे. तिथून थोड्या अंतरावर इचिगोची मैत्रीण तात्सुकी उभी राहू शकत नाही, तिचे गुडघे टेकतात. खोल विहिरीत तळाशी बुडी मारलेल्याला कान फुटतील असं वाटतं ना, तसा हा दाब चहूबाजूंनी येतो.

यातलं सगळ्यात नेमकं दृश्य केन्पाची झाराकीचं. डोळ्यावर पट्टी, केसांच्या टोकांना घुंगरू बांधलेला हा दांडगा माणूस इचिगोसमोर छाती उघडी टाकून उभा राहतो आणि म्हणतो, पहिला वार तू कर, फुकट. इचिगो जोर लावून वार करतो. पातं छातीला टेकतं आणि थांबतं. रक्त येतं ते इचिगोच्या हातातून. केन्पाचीनं काही अडवलेलं नसतं. दोघांचा दाब एकमेकांना भिडला आणि ज्याचा कमी त्याचा हात फाटला, एवढंच. जिवाला जखम होते म्हणजे काय, हे मला त्या पानावर पहिल्यांदा समजलं. तिथे पात्याच्या धारेला काही अर्थ उरलेला नाही. हातात तलवार धरलेला जीवच धार आहे. बोथट असेल तर जीव बोथट. त्या पट्टीचंही कारण कळतं तेव्हा मी थक्क झाले होते. ती पट्टी त्याचीच शक्ती खात असते. लढाई लवकर संपू नये म्हणून त्यानं ती स्वतःच बांधून घेतली आहे.

दाबानं चिरडणं झालं, आता नेम धरून केलेला वार. रुकियाला न्यायला आलेला तिचा भाऊ ब्याकुया इचिगोला डोळ्याला दिसणारही नाही इतक्या वेगानं दोन ठिकाणी भोसकतो. त्या दोन जागांना नावं आहेत. 'साकेत्सु', म्हणजे साखळी आणि गाठ, आणि 'हाकुसुई'. या हाकुसुईतला हाकु म्हणजे कोन्पाकुमधला तोच हाकु, आणि सुई म्हणजे झोप. जिवाची शक्ती जिथून उगवते ती ही ठिकाणं. आपल्याकडे मर्म म्हणतात त्याच्या जवळ जाणारं हे आहे. देहाला मर्म असतात तशी जिवालाही असतात, आणि ती फोडली की माणूस जिवंत राहतो पण शक्ती जाते. इचिगोचं तसंच होतं. रुकियाकडून आलेलं सगळं जातं, आणि खाली त्याचं स्वतःचं काही होतं, ते उघडं पडतं.

हॉलो दुसऱ्या पद्धतीनं मारतात. ते खातात. यामी नावाचा एक राक्षसी देह कराकुरात उतरतो आणि नुसता तोंड उघडून श्वास आत ओढतो. आजूबाजूची माणसं जागच्या जागी कोसळतात. अंगावर ओरखडा नाही. देह आहे, आतला जीव ओढून नेलेला.

आणि शेवटचा मार आहे क्विन्सींचा, म्हणजे हॉलोंशी लढणाऱ्या माणसांच्या एका कुळाचा, ज्यावर मुलं सगळ्यात जास्त भांडतात. शिनिगामीची तलवार हॉलोला मारत नाही, धुते. हॉलो झाल्यावर केलेली पापं त्या वारानं जातात आणि जीव पलीकडे पोचतो. (जिवंतपणी केलेली पापं मात्र जात नाहीत. लहान मुलाच्या आईला मारणारा एक खुनी हॉलो होऊन त्याच मुलाला छळत असतो. इचिगो त्याला कापतो तेव्हा नरकाचं दार उघडतं आणि आतून आलेला हात त्याला घेऊन जातो.) क्विन्सी मात्र हवेतले जीवकण, म्हणजे 'रेइशी', गोळा करून त्यांचा बाण करतात, आणि तो बाण लागला की हॉलो संपतोच. पलीकडे काही जात नाही. इकडचे आणि तिकडचे जीव यांचा तोल त्यानं ढळतो, म्हणून कथेच्या २०० वर्षं आधी शिनिगामींनी क्विन्सींचा संहार केलेला असतो. इचिगोचा वर्गमित्र उर्यू इशिदा त्या कुळातला. ज्यांची माणसं हॉलोंनी खाल्ली त्यांना धुण्याची भाषा कशी पटेल, असं इशिदाच्या बाजूनं विचारणारा मुलगा दर वर्षी एक तरी निघतो. मला त्याचं म्हणणं खोटं वाटत नाही. पण 'आत्मा मरतो का' या प्रश्नाचं खरं 'हो' फक्त इथे आहे. बाकीच्या सगळ्या वारांत जीव जागा बदलतो, रूप बदलतो. इथे नाहीसा होतो.

२०२१ मध्ये कुबोंनी एक स्वतंत्र कथा लिहिली, त्यात याच्या उलट टोक आहे. सोल सोसायटीत मेलेला जीव तिथल्या मातीत मिसळतो. पण शिनिगामींच्या सेनापतींच्या जिवाचा दाब इतका मोठा असतो की माती त्यांना सामावून घेऊ शकत नाही. त्यांच्यासाठी जो सन्मानाचा विधी करतात तो त्यांना प्रत्यक्षात नरकात धाडतो, असं तिथे कळतं. उकिताके या सेनापतीसारख्या सज्जन माणसाच्या नावानं हे वाचताना मला फार वाईट वाटलं होतं.

पण एवढं सगळं सांगून झाल्यावर मुलांना मी एका साखळीकडे आणते, कारण माझ्यासाठी या कथेचा जीव तिथे आहे.

देहातून निघालेल्या जिवाच्या छातीवर एक साखळी असते, 'इंगा नो कुसारी'. 'इंगा' म्हणजे कारण आणि फळ. ती देहाला जोडलेली असते तोवर माणूस परत येऊ शकतो. तुटली की मेला. मेल्यावरही जीव जर एखाद्या जागेशी, माणसाशी अडकून राहिला, तर उरलेली साखळी झिजत जाते आणि ती छातीपर्यंत पोचली की तिथे भोक पडतं. हॉलोच्या छातीत दिसतं ते हेच. याला एरवी महिने, वर्षं लागतात. इचिगोला एका खड्ड्यात हे ७२ तासांत सोसावं लागतं आणि ते चित्र मी विसरू शकत नाही. साखळीच्या कड्यांना बारीक तोंडं फुटतात आणि ती कडी एकमेकांना खात वर सरकतात. बाहेरून कुणाचाही वार नाही. जीव स्वतःला खातो आहे.

हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा आजीला जाऊन वर्ष झालं नव्हतं. तिच्या दहाव्याला आम्ही नदीकाठी उभे होतो. पिंड मांडलेले, भाताच्या मुदीवर दही, शेजारी तिला आवडायची ती शेव. कावळे समोरच्या भिंतीवर होते, पण खाली येईनात. पाऊण तास गेला. काका म्हणाले, माझं लग्न लवकर करतो. आत्या म्हणाली, भावंडं एकत्र राहू. कावळा हलला नाही. मग आई पुढे झाली, हात जोडले आणि म्हणाली, "ती गोधडी अर्धी राहिलीय ना, ती मी पुरी करते." आजी माझ्या चुलत बहिणीच्या होणाऱ्या बाळासाठी गोधडी शिवत होती, सुई अजून कापडात तशीच टोचलेली होती. एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. गुरुजींनी पुढचं सुरू केलं. जपानमध्ये ४९व्या दिवसाला असंच महत्त्व आहे. जीव अडकतो, आणि मागे राहिलेल्यांनी त्याला शब्द देऊन सोडवायचं असतं, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही.

म्हणून इचिगोच्या वर्गातल्या ओरिहिमेच्या भावाची, सोराची, गोष्ट मला इतकी कळते. सोरानं बहिणीला लहानपणापासून एकट्यानं वाढवलं. एकदा तिच्यासाठी केसांच्या पिना आणल्या. तिला त्या पोरकट वाटल्या, भांडण झालं, आणि त्या सकाळी तो निघाला तेव्हा ती काही बोलली नाही. तो अपघातात गेला. पुढे ती रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मग मैत्रिणी झाल्या, आणि त्याला काळजी वाटू नये म्हणून तिनं दुःख बोलणं थांबवलं. त्याला मात्र वाटलं, ही मला विसरली. साखळी झिजली. तो हॉलो होऊन तिच्यावरच चालून आला. हॉलो आधी त्यालाच खायला जातो ज्याच्यावर त्याचा जीव जडलेला असतो, कारण छातीतलं भोक त्यालाच बुजवायचं असतं.

या लढाईत दाब आहे, नखं आहेत, तलवार आहे. पण सोरा थांबतो तो त्यांपैकी कशानंही नाही. त्याच पिना बहिणीच्या केसांत दिसतात तेव्हा तो थांबतो. मग इचिगोची तलवार तो स्वतःच अंगात घेतो. विरत चाललेला असताना ओरिहिमे त्याला म्हणते, "इत्तेराश्शाइ, ओनीचान."

पहिल्या सत्रातच आम्ही हे वाक्य शिकवतो. घरातून निघणारा म्हणतो 'इत्तेकिमासु', घरात राहणारा म्हणतो 'इत्तेराश्शाइ'. मी फळ्यावर त्याचे दोन तुकडे करून दाखवते. 'इत्ते' म्हणजे जाऊन आणि 'इराश्शाइ' म्हणजे या. त्या सकाळी राहून गेलेलं हेच.

गेल्या वर्षी आत्मा मरतो का विचारणारा मुलगा शेवटच्या बाकावर होता. फळ्याकडे बघत म्हणाला, "सेन्सेई, म्हणजे आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, तसंच की हे."

मी हो म्हटलं.