पडदा उघडणारी बॅग

मी हातात धरायच्या बॅगा घडवते. डिझायनर कागदावर रेखाटन करतात आणि त्यातून पहिली खरी वस्तू माझ्या टेबलावर उभी राहते. अलीकडे येणारी रेखाटनं थेट रंगमंचावरून उतरल्यासारखी असतात: कमानी, झालरी, पिसांचे पंखे, मुखवटे, चुण्यांचे पडदे. अंगावरचे कपडे साधे, बहुतेकदा काळे, आणि जे काय बोलायचं ते हातातल्या या एका वस्तूने. फॅशनच्या भाषेत ही स्टेटमेंट बॅग. ‘ही तर खेळणी, यात काही राहतं तरी का?’ असं कुणी म्हटलं की मी वाद घालते. त्या वादातले माझे सगळ्यात भक्कम मुद्दे मला एका ज्येष्ठ रंगभूमी अभिनेत्रीच्या बॅगेने दिले.

बाईंचा एका सोहळ्यात सन्मान होणार होता. त्यांच्या डिझायनरने काढलेलं चित्र असं: पेटीच्या आकाराची बॅग, 24 सेंटिमीटर रुंद आणि 18 उंच. समोर सोनेरी कमान, कमानीत लाल पडदा. बाजूला लोंबणारा गोंडा ओढला की पडदा उघडणार आणि आत रंगवलेला राजवाडा दिसणार.

पहिल्या भेटीत बाईंनी चित्र पाहिलं, मान डोलावली आणि आपल्या रोजच्या पर्समधलं सगळं माझ्या टेबलावर मांडलं. चष्म्याचं घर, फोन, गोळ्यांची डबी, रुमाल, किल्ल्या आणि घडी घातलेला भाषणाचा कागद.

“ही सगळी पात्रं त्यांच्या एंट्रीपर्यंत कुठे थांबणार?” त्यांनी विचारलं. “प्रेक्षकांना दिसतो तेवढाच रंगमंच नसतो हो. विंगा, मागची जागा, वर गेलेले पडदे. दिसतं त्याहून न दिसणारंच जास्त असतं.”

मग आम्ही बॅगेची खोली वाटून घेतली. एकूण 11 सेंटिमीटर. त्यातली पुढची 3 रंगमंचाला, मागची 8 सामानाला. मागचा कप्पा मागूनच उघडणारा, चामड्याच्या झडपेचा, आणि आतले खण त्या मांडलेल्या वस्तूंच्या मापाने कापलेले. त्यामुळे पुढचा पडदा उघडला तरी गोळ्यांची डबी कुणाला दिसणार नव्हती. राजवाडा बाईंनी काढून टाकायला लावला. आत नुसती काळी मखमल आणि मधोमध एक इवलासा दिवा. प्रयोग संपल्यावर रिकाम्या रंगमंचावर एक दिवा जळता ठेवायची पद्धत अनेक नाट्यगृहांत असते, अंधारात कुणी धडपडू नये म्हणून. बाईंना तोच दिवा हवा होता. डिझायनर थोडा हिरमुसला, पण मला ते ऐकताक्षणी पटलं. काळी मखमल प्रकाश पिऊन टाकते, त्यामुळे 3 सेंटिमीटरची जागाही अथांग वाटते. रंगवलेल्या राजवाड्याने ती जागा उथळच दाखवली असती.

बॅग आणि नाटक यांचं नातं आजचं नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपात बायकांचे झगे सरळ, झिरझिरीत झाले. तोवर घेरदार झग्याखाली कमरेला बांधलेले खिसे नव्या कापडाखाली लपेनात. ते बाहेर आले, हातात आले, त्यांच्यावर भरतकाम चढलं. झग्याखाली असलेली वस्तू अशी उजेडात आली. पुढे 1938 मध्ये फॅशन डिझायनर एल्सा स्किआपारेल्लीने पॅरिसमध्ये सर्कशीवर आधारलेला संग्रह सादर केला, त्यात फुग्यांच्या आकाराच्या बॅगा होत्या. जुडिथ लीबर बुडापेस्टमध्ये बॅगा घडवण्याचा धंदा पहिल्या पायरीपासून शिकली आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये तिने स्फटिकांनी मढवलेल्या बॅगा केल्या: प्राणी, फळं, काय वाटेल ते. त्या स्फटिकांची सुरुवात 1967 मध्ये झाली असं सांगतात. धातूच्या एका बॅगेचा मुलामा खराब होऊन आला आणि तो झाकायला तिने खडे लावले. मला ही गोष्ट फार प्रिय आहे. कारण समोरच्या झगमगाटामागे कारागिराने सोडवलेली एक अडचण असते, हे त्यात स्वच्छ दिसतं.

माझी अडचण होती पडदा. बाईंना दोन्ही बाजूंना सरळ सरकणारा पडदा नको होता. “तो खिडकीचा,” त्या म्हणाल्या. त्यांना हवा होता मधून फाकून तिरका वर चढणारा, दोन्ही कोपऱ्यांत चुण्या गोळा करणारा. जर्मनीतल्या बायरॉइटला 1876 मध्ये ऑपेरा रचणाऱ्या संगीतकार वॅगनरचं नाट्यगृह सुरू झालं, तेव्हापासून या पडद्याला वॅगनरचंच नाव चिकटलं आहे. रचना सोपी आहे. पडद्याच्या प्रत्येक भागाच्या मागे तिरक्या रेषेत कड्या शिवायच्या, त्यांतून दोर ओवायचा, दोराचं खालचं टोक पडद्याच्या आतल्या कडेला बांधायचं आणि वरचं बाहेरच्या कोपऱ्यातून खाली आणायचं. ओढलं की पडदा उचलला जातो. सोडलं की आपल्या वजनाने खाली येतो.

हे वजनच वीतभर पडद्यात नसतं. कापड लहान करता येतं, पण त्याची जाडी आणि ताठपणा लहान होत नाही. नेहमीची मखमल या मापात पुठ्ठ्यासारखी उभी राहिली, चुणी पडेना. ती बाजूला ठेवून पातळ रेशमी मखमल घेतली. लव वरच्या दिशेने ठेवून कापली, कारण तशी ठेवली की तोच लाल जास्त गडद, खोल दिसतो. कापड कमानीच्या रुंदीच्या जवळजवळ दुप्पट घेतलं, नाटकाच्या पडद्याला घेतात तसं. खालच्या दुमडीत दागिन्यांची बारीक साखळी ओवली. मोठ्या पडद्यांच्या तळातही साखळी घालतातच. दोऱ्याला मेण लावलं. तेव्हा कुठे पडदा आपोआप मिटायला लागला.

आणि मग सोहळ्याचा दिवस. बाई दुपारीच आल्या. बॅग टेबलावर होती: पातळ प्लायवूडच्या सांगाड्यावर चढवलेलं काळं चामडं, कमानीवर सोनेरी वर्ख आणि जरीची वेलबुट्टी. मला वाटलं, त्या ती हातात घेतील. त्या आल्या तशाच कार्यशाळेच्या पार टोकाला जाऊन खुर्चीवर बसल्या.

“मला शेवटच्या रांगेतून बघू दे. घेऊन चाला कुणीतरी.”

माझा हाताखालचा मुलगा उंच आहे. त्याने बॅग धरली आणि तो चालू लागला. मीही बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. टेबलावर डोळ्यांत भरणारी ती वेलबुट्टी इतक्या लांबून नुसता पिवळसर पट्टा झाली होती. कमान सपाट दिसत होती. पडदा मात्र छान ओळखू येत होता.

“तपशील कमी नाही,” बाई म्हणाल्या. “सावली कमी आहे.”

नेपथ्य रंगवणारे हेच करतात. कोरीवकाम लांबून उठून दिसावं म्हणून उजळ रेषेला खेटून गडद रेषा ओढतात. जवळून ते भडक, ओबडधोबड वाटतं, पण लांबून तिथे उंचवटा तयार होतो. हाताशी चार तास होते. चामड्याच्या कडांना लावायचा तपकिरी रंग मी बारीक कुंचल्याने प्रत्येक वेलीच्या खालच्या अंगाला देत गेले. प्रकाश वरून पडणार हे धरून सावली खाली. कमानीच्या आतल्या कडेला मात्र थेट काळा. डिझायनर जवळ उभा राहून अस्वस्थ होत होता, कारण जवळून त्याची नाजूक कमान दांडगी दिसायला लागली होती. मी त्याला बाईंच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. तिथून पाहिल्यावर तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, “डावीकडे अजून थोडी.”

ही गोष्ट मला या सबंध प्रकारातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. साधी बॅग हातभर अंतरावरून पाहिली जाते: शिलाई, चामड्याचा पोत, बक्कल. नाट्यमय बॅग दालनाच्या दुसऱ्या टोकावरून पाहिली जाते, तीही चालणाऱ्या माणसाच्या हातात. 2022 मध्ये जे. डब्ल्यू. अँडरसन या फॅशन ब्रँडच्या नावाने आलेली कबुतराच्या आकाराची क्लच, म्हणजे मुठीत धरायची बॅग, घ्या. कुणालाही, कितीही लांबून, एका नजरेत कळतं की हे कबुतर आहे. बाह्यरेषा स्पष्ट नसेल तर कितीही खडे जडवा, गर्दीत ती बॅग हरवते.

रंग वाळेपर्यंत बाईंनी गोंड्याचा सराव केला. त्यांची बोटं सांधेदुखीने आखडलेली असतात, म्हणून मी बारीक खुंटीऐवजी मूठभर गोंडा लावला होता. बॅग डाव्या मनगटावर, गोंडा उजव्या हातात. त्या हळू ओढत होत्या, आणि पडदा वर गेला की लगेच सोडत नव्हत्या. मला म्हणाल्या, “पडदा उघडताना घाई केली तर लोक पडदा बघतात. सावकाश उघडला तर पडद्यामागे काय आहे ते बघतात.” मग सगळं सामान मागच्या कप्प्यात भरून पुन्हा चालून पाहिलं. रिकामी बॅग 800 ग्रॅमची होती. भरल्यावर ती मागे झुकायला लागली, कारण वजन सगळं मागे. मुठीच्या कड्या थोड्या मागे घेऊन पुन्हा रिव्हेट मारले, तशी ती सरळ उभी लटकली. संध्याकाळी बाई तिथूनच थेट सोहळ्याला गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. बॅगेचे फोटो भरपूर निघाले होते, पण पडदा त्यांनी संध्याकाळभरात एकदाच उघडला. भाषणाला उभं राहण्याआधी त्यांनी बॅग मेजावर ठेवली, गोंडा ओढला, आतला दिवा लागला. मग मागची झडप उघडून कागद आणि चष्मा काढला आणि बोलायला सुरुवात केली.

आता डिझायनरला अशा आणखी काही बॅगा करायच्या आहेत. मी हो म्हटलंय, पण एका अटीवर. समोरची कमान एकाच फर्म्याने कापू, पण मागचा कप्पा प्रत्येक बाईचं सामान टेबलावर मांडून, तिच्या मापानेच करायचा. पहिल्या गिऱ्हाईक व्हायोलिन वाजवतात. व्हायोलिनच्या गजाला लावायच्या राळेचं त्यांचं डबडं कल्पनेपेक्षा जाड निघालंय, त्यामुळे रंगमंचाची खोली अर्ध्या सेंटिमीटरने कमी करावी लागणार आहे.