तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीतला ‘सपल’ (supple) म्हणजे लवचीकच ना?

हो, लवचीकच. शब्दकोशात तेच सापडेल आणि घाईत असाल तर तेवढ्यावर भागेलही. पण मी भाषांतरं करते म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘फ्लेक्सिबल’ही लवचीक आणि ‘सपल’ही लवचीक, मग इंग्रजीला दोन शब्द हवेत कशाला?

प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांना धरून वाकवून बघा. वाकते, पण बोटांना तिचा विरोध जाणवत राहतो आणि सोडली की फटकन सरळ होते. ती फ्लेक्सिबल. आता वर्षानुवर्षं वापरलेला, तेल पिऊन मुरलेला चामड्याचा पट्टा घ्या. मुठीत मुकाट गोळा होतो, करकरत नाही, घडीवर पांढरी रेघ उमटत नाही. तो सपल. वाकण्याला मऊपणाची जोड हवीच. नर्तकीचं मनगट सपल आहे म्हणतात तेव्हा ते किती वळतं याला फारसं महत्त्व नसतं. वळताना ते कुठे अडत नाही, याला असतं.

खरी गंमत ‘सपल’ या शब्दाच्या मुळात आहे. लॅटिनमधला ‘सुप्लेक्स’ म्हणजे गुडघे टेकून याचना करणारा. त्यातलं ‘सब’ म्हणजे खाली. पुढचा तुकडा ‘घडी घालणं’ या अर्थाच्या क्रियापदातून आला की ‘शांत करणं’ या अर्थाच्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला घडी आवडते, पण आवड म्हणजे पुरावा नव्हे! फ्रेंचमध्ये त्याचं ‘सूप्ल’ झालं आणि १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत उतरला. काकुळतीला येऊन विनवणं म्हणजे ‘सप्लिकेट’, तो याचाच भाऊबंद. मधल्या काळात हांजी हांजी करणाऱ्यालाही इंग्रजीत सपल म्हणत. आज जिम्नॅस्टचं कौतुक ज्या शब्दाने होतं, त्याचा जन्म असा लोटांगणातला.

हसण्याआधी आपल्याकडेही बघावं. ‘लवचीक’च्या पोटात ‘लवणं’ बसलेलं आहे. फळांनी फांदी लवते, आणि माणूस लवून मुजरा करतो.

लवचीकसाठी इंग्रजीत आणखीही शब्द आहेत, ‘लाइद’ (lithe) आणि ‘लिंबर’ (limber). ‘लाइद’ मुळात सौम्य, मवाळ या अर्थाचा, अंगाचा सडपातळ लवचीकपणा त्याला नंतर चिकटला. ‘लिंबर’ सोळाव्या शतकात लिखाणात दिसू लागतो. त्याचं नातं हातापायांच्या ‘लिम’शी (limb) जोडतात, पण तो तर्कच.

माझ्यापुरतं सांगायचं तर, ‘सपल’ दिसला की मी विशेषण शोधायचं सोडून देते आणि क्रियापदाकडे वळते. एका कथेच्या भाषांतरात मी आधी ‘तिचं शरीर लवचीक होतं’ असं लिहिलं होतं. वाचताना व्यायामशाळेची जाहिरात वाटली. मग केलं, ‘तिचं अंग कुठेही न अडता लवायचं.’ छापून आलं तेव्हा संपादकांनी पुन्हा ‘लवचीक’ केलेलं होतं.