योगक्षेमाच्या भरवशावर: इंदूरहून आळंदी-पंढरपूर पायी वारी

वारीची तयारी सुरू झाली की इंदूरच्या मराठी घरांत गीतेच्या नवव्या अध्यायातला २२वा श्लोक हमखास निघतो, पण बहुधा शेवटचा चरणच: ‘योगक्षेमं वहाम्यहम्’. योगक्षेम म्हणजे नसलेलं मिळवून देणं आणि जे आहे ते राखणं. तो भार देव वाहणार, हे खरंच. पण त्याच्या आधी ‘अनन्याश्चिन्तयन्तो मां’, म्हणजे दुसरं काही मनात न आणता माझंच चिंतन करणारे, असं आहे, आणि आम्हा चालणाऱ्यांचं काम तेवढंच आहे. ज्ञानेश्वर माउलींनी या ठिकाणी पंख न फुटलेल्या पिलांसाठी जगणारी पक्षीण दाखवली आहे. पिलू घरटं सोडून जात नाही. वारीत आमचं घरटं म्हणजे दिंडी. भरवसा ठेवायचा म्हणजे आपली चाल, आपली जागा आणि आपलं जेवण दिंडीच्या हाती सोपवायचं.

पहिली चूक इंदुरातच होते, ती पंचांगाची. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. आपल्याकडच्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तोच दिवस तिथे आषाढ कृष्ण अष्टमी म्हणून छापलेला असतो. त्यात ‘ज्येष्ठ कृष्ण अष्टमी’ शोधून पुण्याचं तिकीट काढलं, तर माणूस महिनाभर आधीच आळंदीत पोहोचतो. तिथी मराठी पंचांगात बघा आणि दिंडीप्रमुखांना विचारूनच आरक्षण करा.

दिंडीचा नुसता क्रमांक पाठ करून भागत नाही. पालखीच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक. दोन्हीकडचे क्रमांक एकपासूनच सुरू होतात. ‘दिंडी नंबर १२’ एवढंच सांगणारा चुकलेला वारकरी भलत्याच तंबूत जाऊन बसतो. ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हे शब्द, क्रमांक आणि दिंडीप्रमुखांचा मोबाइल एका कागदावर लिहा. एक प्रत खिशात ठेवा, दुसरी दिंडीचं सामान नेणाऱ्या ट्रकमधल्या आपल्या पिशवीवर शिवून टाका. कपड्यांचा प्रत्येक जोड वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, कारण सामान उतरवताना पाऊस असला तर वरची पिशवी हमखास भिजते.

पुणे ते सासवड हा सर्वांत लांब टप्पा, सुमारे ३० किलोमीटर. हडपसर मागे पडलं की दिवे घाटाची चढण लागते. बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी असते, म्हणजे सर्वांत मोठी चाल उपासाच्या पोटी. इथेच माणसं कोसळतात. घाम गाळत चढायचं आणि नुसता चहा पीत राहायचं, याने चक्कर येणारच. ओआरएसचं (जलसंजीवनीचं) मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. अर्ध्या लिटरात दाट केलं तर उलट त्रास होतो. मधुमेह असणाऱ्यांनी उपासाचं डॉक्टरांना आधीच विचारावं. इन्सुलिन कधीही ट्रकमध्ये टाकू नये. ट्रक तापतो, आणि संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही. औषध जवळ बाळगणं म्हणजे विश्वास कमी, असं म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. भार वाहणाऱ्याने डॉक्टरही दिलाय.

पायांचं थोडक्यात सांगतो. नवी चप्पल नको, निदान महिनाभर वापरलेली हवी. ओल्या पायाची कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो, म्हणून मुक्कामी पोहोचताच पाय पुसून कोरडे करा. फोडावरची कातडी सोलू नका, खालच्या जखमेला तेच झाकण असतं.

आणि संध्याकाळची समाज आरती चुकवू नका. दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा एकच गजर चालू असतो. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि एवढा अफाट समाज क्षणात शांत होतो. एखाद्या दिंडीचे टाळ तरीही वाजत राहिले, तर तिची काही तक्रार आहे असं समजायचं. चोपदार जाऊन ती ऐकतात, मगच टाळ थांबतात. हरवलं-सापडलं तिथेच पुकारलं जातं, उद्याची निघायची वेळही तिथेच कळते. जे आहे ते राखण्याचं वचन रोज असं पाळलं जाताना दिसतं. म्हणून माणूस चुकला तर वाटेवर उलटसुलट धावू नका. एका जागी थांबा आणि आरतीला पालखीच्या मुक्कामाच्या तळावर या. घाबरून मागे गेलेलाच जास्त वेळ सापडत नाही.

पंढरपूरच्या आधीचा मुक्काम वाखरीचा. तिथून पुढे गर्दी इतकी दाटते की वेळेचा हिशेब आपल्या हाती राहत नाही. आषाढी एकादशीच्या दर्शनाची रांग कधीकधी दिवसाहून लांबते. ज्याला उभं राहणं झेपत नाही त्याने नामदेव पायरीला डोकं टेकावं, कळसाला हात जोडावेत. वारी पुरी झाली. इंदूरचं परतीचं तिकीट मात्र पौर्णिमेनंतरचं काढा, म्हणजे गोपाळपूरचा काला घेऊनच निघता येईल.