जाहीरनाम्यात पहिलं काय लिहायचं

सोमवार

पक्षाच्या बैठकीत आज जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी छापायला द्यायचा मजकूर माझ्यापुढे ठेवला. गावोगावी सभामंडप, हायमास्ट दिवे, पेव्हर ब्लॉक, वेशीवर कमान. सगळ्यांत खाली एक ओळ : 'शिक्षण व आरोग्यासाठी सदैव कटिबद्ध'. मी म्हणाले, खालची ओळ वर घ्या, आणि कटिबद्ध म्हणजे नेमकं काय करणार तेही लिहा. तालुक्याचे भाऊ समजुतीनं म्हणाले, "ताई, लोक मंडपच मागतेत. मंडप दिसतो. त्याच्यावर नाव बी टाकता येतं."

लोक मंडप मागतात हे खरं आहे. लग्न, सप्ताह, पंगत सगळं तिथं होतं, आणि मंडपावर माझा काही राग नाही. पण मागणारा कोण आहे ते बघायला नको का? पारावर बसून मागणी करणारा माणूस बारा महिने गावात असतो. ज्याला गावात राहताच येत नाही, त्याची मागणी त्या पारापर्यंत पोचत नाही.

आमचा जिल्हा परिषदेचा गट, म्हणजे मतदारसंघ, बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या डोंगरपट्ट्यातला. वाड्या, तांडे, मुरमाड उताराची रानं. माजलगावचं धरण आमच्या खाली, त्याचं पाणी आणखी खाली जातं. कापूस, बाजरी, सोयाबीन, जे काय येईल ते पावसावर. आणि दिवाळी झाली की कोयता, म्हणजे ऊसतोड. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतात आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, नाहीतर पार बेळगावकडे जातात. परत यायला गुढीपाडवा उजाडतो. लग्नानंतरचे हंगाम मीही कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, काढलेत. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, अंधारात फडात उतरायचं, आणि रात्री ट्रक आला की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. ती फळी दवानं ओली असते. पाय कुठं टाकायचा ते नजरेला दिसत नाही, तळव्यालाच कळावं लागतं.

गट महिलेला सुटला म्हणून मला उभं राहायला सांगितलं, हे मला माहीत आहे. सांगितलंच आहे तर मी फडातून काय बघून आले तेच बोलणार.

मंगळवार

दिवसभर तीन वाड्या फिरले. एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती लिहून ठेवते.

आमच्याकडे सगळं येतं ते चुकीच्या महिन्यात. पुढच्या वर्षाचा गावाचा विकास आराखडा करायची मोहीम 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. कागद रंगेपर्यंत दिवाळी होते, गाव निम्मं रिकामं होतं, आणि आराखड्यावर चर्चा करायला उरतात म्हातारी माणसं आणि ज्यांना जावं लागत नाही असे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला तर कोयत्यावरचं एकही माणूस नसतं. आर्थिक वर्ष मार्चला संपतं म्हणून खर्चाची घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे पुन्हा तेव्हाच, जेव्हा ज्यांच्यासाठी खर्च करायचा ती माणसं दोनशे-तीनशे किलोमीटर लांब असतात. त्यात 2022 च्या मार्चमध्ये सदस्यांची मुदत संपली आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक आला. एवढ्या काळात वाडीतल्या बाईनं कुणाचं दार वाजवायचं, हेच माहीत नसलेली पोरं मतदार झाली.

म्हणून माझी कसोटी एकच. या कामानं यंदाच्या हंगामात एखादं लेकरू, एखादी बाई गावात राहू शकते का? राहू शकत असेल तर ते काम वर, नाहीतर खाली. आणि वर असलेलं प्रत्येक काम गाड्या भरायच्या आत व्हायला हवं. हे मी बैठकीत म्हणाले तर सगळे गप्प बसले. मला वाटतं पटलं नाही. पण मी हटणार नाही.

गुरुवार

शाळेत गेले होते. पटावर आहेत त्यातली निम्मी पोरं दिवाळीनंतर दिसणार नाहीत, असं गुरुजी म्हणाले आणि हजेरीच्या वहीवर बोट फिरवत एकेक नाव दाखवत गेले. "ही जाणार. हा जाणार. हिची आजी हाय, ही राहील बहुतेक."

आजी आहे की नाही यावर पोराची शाळा ठरते. यावर उपाय आहे आणि तो सरकारनंच काढलेला आहे : हंगामी वसतिगृह. आईबाप तोडीला गेले तरी पोर गावातच राहतं, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समिती करते, दुपारचा पोषण आहार असतोच. झोपायला बहुतेक पोरं आजीकडं नाहीतर चुलत्याकडं जातात. योजना साधी आणि चांगली. पूर्वी कारखान्यावर साखरशाळा असायच्या, तिथं पोरगं तळावर राहायचं, चिखलात, थंडीत, आणि शाळेच्या वेळेत धाकट्या भावंडाला सांभाळायचं. त्यापेक्षा गावातलं हे वसतिगृह कितीतरी बरं.

पण ते उघडतं कधी? गाड्या दिवाळी झाल्या झाल्या निघतात. मंजुरी आणि पैसे मागाहून येतात. मधल्या आठवड्यांत चूल पेटवायची कुणी? गेल्या खेपेला समितीतल्या बायकांनी किराणा उधारीवर उचलला. ज्या गावात उधारी मिळाली नाही तिथली पोरं आईच्या मागं ट्रकात बसून गेली. एकदा गेलेलं पोर पाडव्याशिवाय परत येत नाही. शिक्षण हमी कार्ड हातात दिलं की तिकडच्या शाळेत बसता येतं, असं कागदावर आहे. पण तळ बदलत राहतो आणि फडापासून शाळा कुठं आहे हे आईला कोण सांगणार?

आज समितीच्या एका मावशींच्या घरी बसले होते. त्यांच्याकडे तीन नातवंडं. थोरली पाचवीत. मावशींना डोळ्यांनी कमी दिसतं, भाकरी थोरलीच करते. मी विचारलं, वसतिगृह सुरू झालं तर काय होईल? त्या म्हणाल्या, "पोरगी पुस्तक घेऊन बसंल, बाई. आता तर ती परातीम्होरंच असती." बाकी त्यांना काही सांगायचं नव्हतं.

तर पहिली ओळ ठरली. प्रत्येक शाळेतल्या जाणाऱ्या पोरांची यादी गणपतीच्या आत, वसतिगृह धनतेरशीच्या आधी सुरू, आणि पैसे येईपर्यंतचा पहिल्या महिन्याचा किराणा जिल्हा परिषदेच्या सेसमधून. सेसचा पैसा जिल्हा परिषदेचा स्वतःचा, त्यासाठी मंत्रालयाकडं बघत बसावं लागत नाही. तो थोडा असतो, हे मान्य. पण एका कमानीच्या पैशात एका गावातल्या सगळ्या पोरांचा महिना निघतो की नाही, ते बसून मांडूया, असं मी उद्या म्हणणार आहे.

मोठ्या पोरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना 2021 सालची आहे : 41 तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून 82 वसतिगृहं. तीही हवीतच. पण दुसरी-तिसरीतलं लेकरू तालुक्याच्या गावी कोण ठेवील?

शुक्रवार, रात्री

ओढ्यावरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यावर मामांना घेऊन गेले. मामा म्हणजे माझे सासरे; बांधला तेव्हा ते त्यावर मजूर होते. खांब अजून पक्के आहेत. खाचांत मात्र एकही दार नाही. पाऊस उघडला की लोखंडी दारं एकावर एक बसवायची, कडेला रबर लावायचं, की पाणी मागं साठतं. आमची दारं ग्रामपंचायतीच्या मागं गवतात पडली आहेत. काही गंजून खालून झडली, काही भंगारात गेली असावीत, रबराचा तर पत्ताच नाही. यंदा पाऊस बरा झाला, ओढा अजून वाहतोय, आणि ते सगळं पाणी आमच्या डोळ्यांदेखत खाली चाललंय.

मामा म्हणाले, "दारं बसवायचं काम आन् कोयता एकाच टायमाला येतंय. बसवनारी मानसं ट्रकात अस्तेत." किती खरं आहे हे! नवा बंधारा बांधायला निधी मिळतो, उद्घाटन होतं. जुन्या बंधाऱ्याची दारं दुरुस्त करायला कुणी नारळ फोडत नाही. शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारी छोटी कामं, पाझर तलाव, हे बंधारे ही जिल्हा परिषदेकडची कामं. म्हणजे माझा हात पोचेल असं हे काम आहे. गटातल्या सगळ्या बंधाऱ्यांची दारं मे महिन्यात मोजायची, पावसाळ्यात दुरुस्त करायची, दसऱ्याला बसवायची, आणि बसवणाऱ्यांना त्याची मजुरी द्यायची. पाणी फेब्रुवारीपर्यंत टिकलं तरी खालच्या विहिरींना उतरतं. ज्वारीला, हरभऱ्याला एक-दोन पाणी मिळालं तर चार-दोन घरं म्हणतील, यंदा एकच जण जाऊ, दुसऱ्यानं घरी राहावं.

रोजगार हमीचं काय, असं एका तरुणानं विचारलं. महाराष्ट्रानं हा कायदा 1977 साली केला, देशाच्या कितीतरी आधी. काम मिळालं तर माणूस थांबेल, यात शंका नाही. पण मुकादमाची उचल रोख असते आणि आगाऊ असते. हमीची मजुरी काम झाल्यावर खात्यात, तीही कधी येईल तेव्हा. लेकीचं लग्न, दवाखान्याची उधारी, बियाण्याचं कर्ज, हे सगळं आगाऊ पैशानंच फिटतं. म्हणून 'रोजगार हमीतून स्थलांतर थांबवू' असं मी छापू देणार नाही.

रविवार

बायकांची बैठक झाली. पुरुष असताना ज्या गोष्टी निघत नाहीत त्या निघाल्या.

2019 मध्ये गर्भाशय काढण्याचा विषय गाजला तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून खासगी दवाखान्याला ते ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. चांगलं झालं. पण परवानगी लागली म्हणून पोटात दुखायचं थांबत नाही. अंगावरून जात असतं तरी फडात उभं राहावं लागतं, कारण एक दिवस बसलं की खाडा पडतो आणि तो पैसा उचलीतून कापला जातो. आज एक जण म्हणाली, "दुखतंय म्हनून सांगितलं की लगेच काढून टाका म्हनतेत. दुसरं औषिध असंल का, ते कुनीच सांगत नाही."

आमच्या आरोग्य केंद्रात बाईडॉक्टर आठवड्यातून एक दिवस तरी ठरलेल्या वारी बसली पाहिजे, आणि गाड्या जायच्या आधी प्रत्येक वाडीत तपासणी झाली पाहिजे. रक्त कमी असेल तर गोळ्या सुरू करूनच पाठवायचं. ही दुसरी ओळ, आणि मला ती बंधाऱ्याच्याही वर हवी आहे. निवडून आले तर बांधकाम समितीसाठी भांडणार नाही. आरोग्य नाहीतर शिक्षण समिती द्या म्हणणार. भाऊंना हे ऐकून वाईट वाटलं, कारण रस्त्याची कामं तिथूनच निघतात. रस्ते मी करणारच आहे. तांड्याकडं जाणारा ग्रामीण मार्ग पहिला, कारण बाळंतीण पावसाळ्यात बाजेवर आणावी लागते. पण त्यासाठी मला समितीचं पद नको.

काही प्रश्नांना मी सरळ 'ते माझ्या हातात नाही' म्हणाले. रेल्वे परळीपर्यंत कधी जाईल, हे एका आजोबांनी विचारलं. 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनालाच, अहिल्यानगरहून बीडला गाडी सुरू झाली तेव्हा ते मुद्दाम बघायला गेले होते. पुढचा मार्ग जिल्हा परिषद बांधत नाही. तोडणीचा दरही तिथं ठरत नाही. 2024 च्या जानेवारीत 34 टक्के वाढ झाली ती साखर संघ आणि मजूर संघटनांच्या वाटाघाटीत. खोटं सांगून मत मिळतं, हे मला ऐकवलं गेलं. ज्या बायकांबरोबर मोळ्या वाहिल्या त्यांना खोटं सांगायला माझी जीभ उचलत नाही.

संध्याकाळी एका मुकादमांचा फोन आला. मतदानाला गाड्या लावा, माझे सगळे कोयते आणून देतो, म्हणाले. मी म्हटलं, काका, आधी मला तुमच्या जोड्यांची यादी द्या, कोण कोण जाणार आणि कुणाबरोबर किती पोरं. ते थोडे थांबले, मग वही उघडून एकेक नाव सांगत गेले. मी लिहून घेतली. त्यातल्या एका नावापुढं त्यांनी स्वतःहून सांगितलं, हिला सातवा महिना आहे, पण उचल घेतलेली आहे. ती तिकडंच बाळंत होणार. उद्या सकाळी आशाताईंना घेऊन तिच्याकडे जायचं आहे. कारखाना कुठला, तिथलं जवळचं आरोग्य केंद्र कुठलं आणि तिथल्या आशाताईंचा फोन काय, हे तिच्या कार्डावर लिहून द्यायचं, आणि तिची मोठी पोरगी वसतिगृहाच्या यादीत घालायची.