टॉवेल तिकडे, धूर इकडे

मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की मी आधी विचारते, हा कुणाच्या नावे टाकलाय?

घरात स्वित्झर्लंडचा विषय काढला भाच्यानं. "मावशी, जगाच्या कार्बनमध्ये त्यांचा वाटा हजारात एक, तोही जेमतेम. त्यांनी सगळं बंद केलं तरी काय फरक पडणार?" माणसंही नव्वद लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूरएवढे दोन जिल्हे. पटण्यासारखं आहे. पण हा आकडा फक्त त्यांच्या हद्दीतल्या धुराचा. ते जे विकत घेतात, ते बनताना बाहेर निघालेला धूर धरला तर भार दुपटीच्या वर जातो. त्यातला साधारण दोन तृतीयांश परदेशात पडतो, हे त्यांचं सरकारच मान्य करतं.

आमचा टॉवेलच घ्या. रंगाई, बॉयलरची वाफ, लूम, शिलाई सगळं इथं. राज्याची वीज बरीचशी कोळशाची. जवळच फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी कंपनीचा १३२० मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आहे, त्याला पाणी उजनीचं. आंतरराष्ट्रीय हिशेबात हा धूर भारताच्या खात्यावर. टॉवेलनं अंग पुसणार तिकडचा माणूस, तरी त्याच्या खात्यात शून्य. आमच्या शेठजींना अशी वही दाखवली असती तर त्यांनी मला घरी पाठवलं असतं.

शिवाय, १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन निम्मं करायचं स्वित्झर्लंडनं ठरवलंय, पण त्यातला काही भाग पैसे देऊन बाहेरच्या देशांत. बँकॉकमधल्या इलेक्ट्रिक बसना पैसे दिले, वाचलेला कार्बन स्वतःच्या खाती जमा. बस चांगल्याच, तक्रार नाही. पण उद्या थायलंडला स्वतःचं उत्सर्जन कमी करायचं झालं, तर सोपं काम आधीच विकलेलं! अवघड आणि महागडं तेवढं त्यांच्या वाट्याला.

मला कौतुक वाटतं ते स्वित्झर्लंडमधल्या म्हाताऱ्या बायकांचं. उन्हाच्या लाटेत आमच्या जिवाला जास्त धोका आहे, सरकार पुरेसं करत नाही, म्हणून त्या कोर्टात गेल्या आणि ९ एप्रिल २०२४ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात जिंकल्या. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीपलीकडे असतो. पत्र्याच्या शेडखाली लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या अक्का ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतात. त्यांनी कुठल्या कोर्टात जायचं? आणि तिकडे स्वित्झर्लंडच्या संसदेनं त्या निकालानंतर, त्याच वर्षी जूनमध्ये ठराव केला, की आम्ही करायचं ते केलंय.

छोट्या देशानं जग वाचवावं असं मी म्हणत नाही. पैसा आहे, तंत्र आहे, तर आधी स्वतःच्या घरची हीटिंग, गाड्या आणि खरेदी बघावी, एवढंच. हल्ली युरोपातले खरेदीदार आम्हाला फॉर्म पाठवतात. वीज किती युनिट, पाणी किती लिटर. मी भरते, नीट भरते. दर हंगामाला रंग बदलून नवे टॉवेल का लागतात, याचा रकाना त्यात अजून तरी दिसला नाही.