बावीस वचनं, आणि देवाचं नाव नाही

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली बावीस वचनं एका बैठकीत वाचून बघा. मोशेचा जन्म, पेटी, राजकन्या, खून, पलायन, लग्न, पहिला मुलगा, एवढं सगळं त्यात उरकतं आणि देवाचं नाव एकदाही येत नाही. पुढच्या तीन वचनांत मात्र ते पाच वेळा येतं. पहिल्या अध्यायात शिफ्रा आणि पुवा या सुइणींच्या प्रसंगातही ते आहेच, त्यामुळे लेखक विसरला असं म्हणता येत नाही. इथे देवाची तरतूद शोधायची तर ती माणसांच्या हातांत शोधावी लागते.

आधी पेटी बघू. राजाच्या हुकमापासून वाचवायला तीन महिने लपवल्यावर बाळ लपेना, तेव्हा आईने पपायरसच्या देठांची पेटी घेतली. या देठाचा गर स्पंजासारखा असतो, त्यात हवा भरलेली असते, म्हणून तो सहज तरंगतो. पण तोच गर हळूहळू पाणी पितो आणि जड होतो. म्हणून डांबर आणि राळ. वचनात दोन्ही वेगवेगळी सांगितली आहेत. विश्वास ठेवला म्हणून तिने फटी बुजवायचं सोडलं नाही, हे मला या वचनातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पेटीसाठीचा हिब्रू शब्द आहे ‘तेवा’. सगळ्या जुन्या करारात तो दोनच ठिकाणी आहे, इथे आणि नोहाच्या तारवाच्या गोष्टीत. मराठीत एकीकडे तारू आणि दुसरीकडे पेटी झाल्यामुळे हा धागा आपल्या हातून सुटतो.

चित्रांमुळे रूढ झालेली एक चूक इथेच काढून टाकू. पेटी प्रवाहात वाहत गेली नाही. ती नदीच्या काठाशी, लव्हाळ्यांत ठेवली होती. लव्हाळी दाट असतात, पेटी अडकून राहते, आडोसाही मिळतो. शिवाय बहीण थोड्या अंतरावर उभी होती. प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कडच्या सार्गोन राजाचीही अशीच कथा आहे: वेताची टोपली, डांबर, नदी. तिथे टोपली नदीच्या हवाली होते आणि वाहत जाते. इथे पहारा आहे. दोन्ही कथा ‘सारख्याच’ म्हणून निकालात काढणारे हा फरक बघत नाहीत.

फारोचा, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाचा, हुकूम होता की इब्र्यांचे, म्हणजे तिथल्या इस्राएली लोकांचे, मुलगे नाईलमध्ये टाका, मुली जगू द्या. आईने मुलाला नाईलमध्येच ठेवलं! अक्षरशः पाहिलं तर हुकूम पाळला गेला. आणि ज्या मुलींकडून धोका नाही असं फारोने धरलं, त्यांनीच त्याचा बेत उधळला: दोन सुइणी, लेवीच्या घराण्यातली मुलगी, तिची लेक आणि खुद्द फारोची लेक. बापाचा उल्लेख पहिल्या वचनात लग्नापुरता येतो, मग तो दिसेनासा होतो. अम्राम आणि योखबेद ही नावं सहाव्या अध्यायापर्यंत कळत नाहीत. बहिणीचंही नाव इथे नाही. मिर्याम हे नाव आपण पुढच्या भागांतून आणतो.

आता बहिणीचं बोलणं नीट ऐका. राजकन्येला बाळाची दया आली, हे इब्र्यांचं मूल आहे असं ती स्वतःच म्हणाली. तेवढ्यात पोरगी पुढे होते आणि विचारते, “बाळाला दूध पाजायला इब्री बायकांतली एखादी दाई बोलावून आणू का?” ती विनवणी करत नाही, आपलं नातं सांगत नाही. राजकन्येला जी सोय लागणारच होती ती समोर ठेवते. उत्तर एका शब्दाचं: “जा.” मग आई येते आणि करार होतो: मूल घेऊन जा, माझ्यासाठी पाज, मी वेतन देईन. ज्या घरातून मुलाला मारायचा हुकूम निघाला, त्याच घरातून त्याला पाजायचे पैसे आईला मिळू लागले.

नावाचंही तसंच. राजकन्या सांगते, मी याला पाण्यातून बाहेर काढलं म्हणून मोशे. मिसरी भाषेत ‘मोस’ म्हणजे जन्मलेला. थुतमोस, अहमोस या नावांत तोच शब्द आहे. हिब्रूत मात्र ‘मोशे’ हे रूप ‘बाहेर काढणारा’ असा अर्थ देतं, ‘बाहेर काढलेला’ असा नाही. तिने जे केलं ते तिने सांगितलं. त्याला पुढे जे करायचं होतं, लोकांना मिसरातून बाहेर काढायचं, ते नावात आधीच बसलं.

तरतूद म्हटली की सगळं सुरळीत, असं समजणाऱ्यांची अकराव्या वचनापाशी अडचण होते. मोशे इकडेतिकडे बघतो, कोणी नाही असं पाहून एका मिसऱ्याला ठार मारतो आणि वाळूत पुरतो. दुसऱ्याच दिवशी त्याचा स्वतःचा भाऊबंद विचारतो, “तुला आमच्यावर अधिकारी आणि न्यायाधीश कोणी नेमलं?” नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात स्तेफन हा शिष्य सांगतो, तेव्हा मोशे चाळीस वर्षांचा होता, आणि पुढची चाळीस वर्षं मिद्यानात, तो पळून गेला त्या परक्या देशात, गेली. हा खून देवाने घडवून आणला असं वचन म्हणत नाही. आपणही म्हणू नये. मिद्यानात विहिरीपाशी तो याजकाच्या सात मुलींना मेंढपाळांपासून सोडवतो, त्यांच्या कळपाला पाणी पाजतो. मुली घरी जाऊन काय सांगतात? “एका मिसऱ्याने आम्हाला सोडवलं.” इब्री म्हणतात तू आमचा कोण, मिद्यानी म्हणतात तू मिसरी. पहिल्या मुलाचं नाव तो गेर्षोम ठेवतो, कारण मी परदेशात उपरा झालो आहे, असं तो म्हणतो.

मग तेविसावं वचन. बराच काळ लोटला आणि मिसरचा राजा मेला. कशाने, ते लिहिलेलं नाही.