भुजची हलणारी खोली

तक्रार पहिल्याच रात्रीनंतर आली. नाश्त्याच्या वेळी ठाण्याच्या एक मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, मला रूम बदलून द्या. माझ्या पार्टनर पहाटे साडेतीनला उठतात, दिवा लावतात आणि पलंगावर नुसत्या बसून राहतात. ना जप, ना वाचन. मला भीती वाटते हो."

टूर मॅनेजर म्हणून मला चौदा वर्षं झाली. ट्विन शेअरिंगवर दोन अनोळखी बायका एकत्र आल्या की एकीचं घोरणं, दुसरीचा एसी, हे ठरलेलंच. पण ही तक्रार वेगळी होती. मी रूमिंग लिस्ट काढून बघितली. बासष्ट वर्षांच्या काकू, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पत्ता पुण्यातला. बुकिंग मुलाने केलेलं. बीपीची गोळी रोज एक. जानेवारी २०२४ची ही कच्छची टूर, ३१ गेस्ट, त्यातले निम्म्याहून जास्त ज्येष्ठ. एकही जादा खोली नव्हती. मी मॅडमना म्हटलं, आजचा दिवस सांभाळून घ्या.

त्याच दिवशी बसमध्ये काकू पुढे येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या. हातात आमचंच माहितीपत्रक, चौथ्या दिवसावर पेनने गोल केलेला. "दादा, ह्या भुजच्या म्युझियममध्ये भूकंपाची खोली आहे म्हणे. खरोखर हलते का?"

मी म्हटलं, हलते, पण ती सगळ्यांनी करावी असं काही नाही. बीपी असेल तर बाहेर थांबा, मी चहाची सोय करतो.

"नाही. मी त्याच्यासाठीच आलेय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

धोरडोला आमचा मुक्काम भुंग्यांत होता. भुंगा म्हणजे कच्छी माणसाचं गोल घर. पांढरं रण बघून सगळे परतले, फोटो एकमेकांना पाठवत बसले. काकू मात्र भुंग्याच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत बाहेरून एक पूर्ण फेरी मारत होत्या. मी जवळ गेलो. हे २००१च्या भूकंपात पडले नाहीत का, असं त्यांनी विचारलं. मी जे दरवेळी सांगतो तेच सांगितलं: जुन्या पद्धतीने नीट बांधलेले भुंगे पुष्कळ ठिकाणी तगले, कारण गोल भिंतीला कोपरा नसतो आणि वरचं शाकारलेलं छप्पर हलकं असतं. काकू मान वर करून छपराकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"आमचं माळवद होतं," त्या म्हणाल्या. "अडीच फुटी भिंत. दगड आणि माती. वर लाकडाच्या तुळया, त्यावर दीड फूट माती. दर मिरगाच्या आधी सासरे वर आणखी माती टाकून घ्यायचे, गळू नये म्हणून. उन्हाळ्यात इतकं गार असायचं घर, की भर दुपारी लेकरं चादर मागायची."

मी गाव विचारलं. त्या म्हणाल्या, औसा तालुका, किल्लारीजवळ.

पुढे काही विचारायची गरज उरली नाही, असं मला तेव्हा वाटलं. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो. आमच्या शाळेने घराघरातून कपडे आणि पिठाचे डबे गोळा केले होते. शिवाय मी पाटण तालुक्यातला. कोयनेच्या परिसरात जमीन हलणं नवं नाही. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. मांडणीवरची भांडी वाजली की आई "अंगणात चला रे" एवढंच म्हणायची. भूकंप म्हणजे काय ते मला थोडं कळतं, अशी माझी समजूत होती. काकू त्या रात्रीतून वाचलेल्या, आणि त्या हलत्या खोलीत त्यांना ती रात्र पुन्हा दिसणार, असा मी सरळ हिशोब केला. त्यामुळे रात्री मी पुण्याला त्यांच्या मुलाला फोन लावायला घेतला.

काकूंनी ते ओळखलं असावं. जेवणाच्या हॉलबाहेर त्या माझी वाट बघत उभ्या होत्या. "मुलाला फोन करू नका. तो तेव्हा आठ महिन्यांचा होता, माझ्या मांडीवर. मी गावात नव्हतेच, दादा."

मग त्यांनी सांगितलं. २९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपतीसाठी त्या तान्ह्या बाळाला घेऊन सोलापूरला माहेरी आल्या होत्या. सहा वर्षांची मुलगी गावातलं विसर्जन बघायचं म्हणून आजीजवळ राहिली. हट्ट करून राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन छप्पन्नला सोलापूरही हललं, माणसं रस्त्यावर आली. तासाभराने परत जाऊन झोपलीसुद्धा. गाव गेलं हे काकूंना सकाळी उशिरा कळलं. त्या पोचल्या तेव्हा दुपार टळून गेली होती. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या, "नंतर पाऊस सुरू झाला."

दीर आणि नवरा वाचले, कारण विसर्जनानंतर ते देवळाच्या ओट्यावरच झोपले होते. सासू आणि मुलगी माळवदाखाली होत्या.

"वाचलेल्या सगळ्यांना मी विचारलं. किती वेळ हललं? आवाज कसा होता? कुणी म्हणे जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखा. कुणी म्हणे अर्धा मिनिट, कुणी म्हणे पाच मिनिटं. एकाचं एकाला जुळत नव्हतं. नवरा तर बोलायचाच नाही, शेवटपर्यंत बोलला नाही. मला नुसतं माहीत करून घ्यायचंय."

मी फोन खिशात ठेवला.

काकूंनी विचारलं होतं ते म्युझियम स्मृतिवनात, भुजच्या कडेला, भुजियो डुंगरावर आहे. २६ जानेवारी २००१ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचं हे स्मारक. ४७० एकरांचा पसारा, उद्घाटन २८ ऑगस्ट २०२२ला झालं. डोंगराच्या उतारावर पाणी अडवणारी कुंडं बांधली आहेत आणि त्यांच्या भिंतींवर १२,९३२ मृतांची नावं. मी आजवर अनेक शहरांतले लाइट अँड साउंड शो गेस्टना दाखवले आहेत. बहुतेक ठिकाणी राजे येतात, लढाया होतात, तलवारींचे आवाज येतात आणि दिवे लागतात. इथली गोष्ट त्या शहरातल्या साध्या माणसांची आहे, म्हणून मला ही जागा मोलाची वाटते. सात दालनं आहेत. पडदे, प्रोजेक्शन, आवाज, हाताने हाताळायच्या गोष्टी. जमिनीच्या पोटात काय चालतं, घरं कशी बांधावीत, कच्छ पुन्हा कसा उभा राहिला, सगळं आहे. चढ आणि पायऱ्या पुष्कळ, म्हणून ज्येष्ठांना घेऊन मी सावकाश जातो.

काकू प्रत्येक पाटी वाचत होत्या. शिक्षिकेचं वाचन: एक बोट ओळीखाली. मी कच्छच्या जुन्या भूकंपांचं सांगायला लागलो. १८१९मध्ये इथे जमीन अशी उचलली गेली की मैलोन्‌मैल लांबीचा बांध तयार झाला. लोकांनी त्याला नाव दिलं अल्ला बंद, म्हणजे देवाने घातलेला बांध. सिंदरीचा किल्ला पाण्यात बुडाला. १९५६मध्ये अंजार. आणि २००१मध्ये त्याच अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीत निघालेली शाळेची मुलं अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली सापडली. हे सांगताना मी नेहमी थोडा थांबतो. त्या दिवशी काकूंकडे बघून पुढचं वाक्य मला सुचलंच नाही. त्यांनीच विचारलं, "बरोबर शिक्षक होते?" मी म्हटलं, होते, तेही गेले. त्यांनी मान हलवली.

हलणाऱ्या खोलीच्या आधी मी सगळ्यांना पुन्हा एकदा विचारलं. हृदयविकार, मणक्याचा त्रास, चक्कर. चार जण बाहेर थांबले. काकूंची सकाळची गोळी झाली होती आणि नाश्ताही नीट झाला होता, हे मी आधीच बघून ठेवलं होतं. आमच्या नियमाप्रमाणे मी त्यांना आत सोडायला नको होतं. सोडलं, आणि स्वतः त्यांच्या डाव्या हाताला राहिलो. उजवीकडे कोण असावं? त्याच ठाण्याच्या मॅडम. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. बहुधा काकूंनीच रात्री सांगितलं असावं.

अंधार झाला. सगळीकडून पडदा. मग आवाज आला आणि त्यापाठोपाठ पायाखालची जमीन. मी हे आठ-दहा वेळा अनुभवलंय, तरी पोटात खड्डा पडतोच. मागून कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी हसलं. काकूंचा हात माझ्या मनगटावर होता, पण त्यांनी तो आवळला नव्हता. नाडी बघताना डॉक्टर ठेवतात तसा हलका होता तो. आणि त्या मोजत होत्या. वर्गात पाढे म्हणवून घेताना लागतो तसा सूर. एक, दोन, तीन, चार. त्यांचे डोळे मिटलेले होते. पडद्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. अकरा म्हटल्यावर त्या थांबल्या. खोली त्यानंतरही हलत होती.

बाहेर उजेडात आलो. ग्रुपमधला एक तरुण मुलगा आपल्या बायकोला म्हणत होता, "भारी होतं, परत जाऊ या का?" मी त्याला गप्प करायला वळलो, तर काकूंनी माझी बाही ओढली. "राहू द्या. त्याला लागलं नाही तेच बरं."

दगडी कठड्यावर बसून त्यांनी पाणी प्यायलं. मी बीपीचं मशीन काढलं. आकडे नेहमीपेक्षा थोडे वर, घाबरण्यासारखे नव्हते.

"अकराला का थांबलात?" मी विचारलं. विचारायला नको होतं की काय, कुणास ठाऊक.

"अकराला वाटलं, आता माळवद आलं असतं खाली. आधी भिंत फुगते, आतला दगड आणि बाहेरचा दगड वेगळे होतात. मग तुळई सुटते. मी ती घरं ओळखते ना." त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. "माझी मुलगी फार गाढ झोपायची, दादा. शाळेसाठी उठवायला दहा हाका माराव्या लागायच्या. अकरा आकड्यांत ती उठली नसेल."

मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्यांनी काकूंच्या खांद्यावर शाल नीट केली. मी उठून बाकीच्या गेस्टची मोजणी करायला गेलो. तेव्हा मला तिथून थोडं लांब जाणं भाग होतं. इतकी वर्षं मी कच्छमध्ये गेस्टना तीव्रतेचा आकडा सांगत आलो होतो. किल्लारीचा भूकंप ६.२चा, भुजच्या मानाने लहान, असंही एकदा-दोनदा बोलून गेलोय. कुणाच्या घरावर किती माती होती, हे त्या आकड्यात नसतं.

शेवटच्या दालनात हाताचा स्पर्श केला की डिजिटल ज्योत उजळते. गेलेल्यांना वाहायची. काकूंनी हात लावला, दोन पावलं मागे सरकल्या, पदर डोक्यावर घेतला. कुंडाच्या भिंतीजवळ त्यांनी बराच वेळ नावं वाचली. बसची वेळ झाली होती, ड्रायव्हरचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले होते. आईना महाल आणि प्राग महाल त्या दिवशी उरकते घ्यावे लागले, एका गेस्टने त्यावरून नाराजीही बोलून दाखवली. मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी धोलावीराला जायला पहाटे निघायचं होतं. चार वाजता मी वेकअप कॉल द्यायला सुरुवात केली. २०६ नंबरला पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. मॅडम होत्या.

"आम्ही केव्हाच उठलोय," त्या म्हणाल्या. "साडेतीनलाच उठल्या त्या, रोजच्यासारख्या. मीही उठले. किटलीत चहा केला. मुलीच्या शाळेचं सांगतायत. तुम्ही दहा मिनिटांनी सामान न्यायला पाठवा, आमचं अजून बोलणं व्हायचंय."